दोन प्रतिष्ठित रहिवासी

मैत्रिणींनो, दर आठवड्याला आपण बियाण्यांचे भाव, बँकेचं कर्ज, लेकरांची शाळा असं काहीबाही बोलतो. आज विषय जरा जड आहे. चुलीवर भाकरी असेल तर आधी ती उतरवा आणि मग निवांत ऐका.

विहिरीत बाई सापडली की गावातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पाय घसरला असेल." बाई भाजली की म्हणतात, "स्टोव्हचा भडका उडाला." औषध पिऊन गेली की म्हणतात, "डोक्यात राग फार होता तिच्या." ही वाक्यं इतकी पाठ झालीत की बोलणाऱ्याला आपण काय बोलतोय तेही कळत नाही. कधी ती खरीही असतात. पाय घसरतोच की, भडकाही उडतो. पण ते खरं आहे की नाही हे कोण बघतं? कसं बघतं? आणि बघणाऱ्यांत बाई असते का? आज आम्ही एवढंच बोलणार आहोत.

सुरुवात आमच्या गटातल्या एका काकूंपासून करू. गाव सांगत नाही, साल सांगत नाही. शेजारच्या वस्तीवरच्या विहिरीत एक सून सापडली. पोलीस आले, बाज आणली, प्रेत वर काढलं. पंचनाम्याला पंच हवे होते. नेहमीचे दोघं पुढे झाले. तेवढ्यात सोबत आलेली महिला पोलीस म्हणाली, "एक बाई पण द्या." काकू जवळच उभ्या होत्या, त्यांनाच पुढे ढकललं. काकू सांगतात, "हातपाय कापत होते. पण एकदा जवळ गेल्यावर डोळे काम करायला लागले." सगळे म्हणत होते, पाणी शेंदायला गेली आणि पडली. काकूंनी विचारलं, "मग हंडा कुठंय? दोर कुठंय?" सगळे गप्प झाले. हंडा घरात उतरंडीजवळ होता, कोरडा ठणठणीत. पायातल्या चपला विहिरीच्या काठावर नव्हत्या, घराच्या दारात होत्या. महिला पोलिसाने हे दोन्ही पंचनाम्यात लिहून घेतलं.

पुढे काय झालं ते कोर्टात आहे, म्हणून आम्ही सांगणार नाही. कोण दोषी, कोण निर्दोष, हे काकूंनी ठरवलं नाही आणि आम्हीही ठरवत नाही. पण तो हंडा कागदावर आला, आणि तो आला कारण पाणी भरणारी एक बाई तिथे उभी होती. पुरुष पंच वाईट होते असं नाही. विहिरीवर हंडा असायला हवा हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही, कारण त्यांनी कधी हंडा भरला नव्हता.

आता मागे जाऊ या. ही चौकशीची पद्धत आली कुठून?

गावात कोणी अचानक मेलं, कोणाचं प्रेत सापडलं, तर पूर्वी खबर पाटलाकडे जायची. इंग्रजांच्या राज्यात १८६७ साली मुंबई इलाख्यासाठी ग्राम पोलिसांचा कायदा झाला. त्यात लिहिलं होतं की असं मरण घडलं तर पोलीस पाटलाने लगेच गावातल्या किंवा आसपासच्या दोन किंवा अधिक समजदार व्यक्तींना जमवावं, मरणाचं कारण आणि सगळी हकीकत तपासावी आणि लेखी अहवाल करावा. मरण कोणाच्या तरी बेकायदा कृत्याने आलं असं वाटलं तर पोलिसांना कळवावं, आणि प्रेत सडण्याची भीती नसेल तर ते डॉक्टरकडे पाठवावं. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेतही हेच आलं, फक्त शब्द थोडे वेगळे. पोलीस अधिकाऱ्याने त्या जागी जावं, "आसपासच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या" समक्ष प्रेत पाहावं, अंगावरच्या जखमा, मोडलेली हाडं, वळ, खरचटल्याच्या खुणा लिहाव्यात, आणि त्या कशाने झाल्या असाव्यात तेही लिहावं. यालाच आपण मरणोत्तर पंचनामा म्हणतो. पोलीस त्याला इन्क्वेस्ट म्हणतात.

मैत्रिणींनो, नीट ऐका. कायद्यात "समजदार पुरुष" असं लिहिलेलं नव्हतं, "प्रतिष्ठित पुरुष" असंही नव्हतं. "व्यक्ती" आणि "रहिवासी" असेच शब्द होते. आपण रहिवासी नव्हतो का? होतो. पण समजदार कोण आणि प्रतिष्ठित कोण हे गावच ठरवत होतं. पाटीलकी वतनाची होती, बापाकडून मुलाकडे जायची. चावडीवर बाई जात नसे. त्यामुळे कायद्याने बंद न केलेलं दार रिवाजाने शंभर वर्षं बंद ठेवलं. आणि बंद ठेवलं कुठे? जिथे मेलेली बाई होती, तिथेच.

मुंबई शहरात पद्धत निराळी होती. तिथे कॉरोनर नावाचा अधिकारी असायचा. हे पद इंग्लंडातून आलेलं, तिथे ते ११९४ सालापासूनचं आहे. आपल्याकडे १८७१ साली कॉरोनरचा कायदा झाला आणि तो मुंबईलाही लागू होता. संशयास्पद मरण झालं की कॉरोनर नागरिकांची ज्यूरी बसवायचा, प्रेत दाखवायचा, साक्षी घ्यायचा. १८९१ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणी मेल्या. साऱ्या शहराला हादरा बसला. कॉरोनरपुढे चौकशी झाली, उच्च न्यायालयात खटला चालला, आरोपी सुटला. त्या दोघी कशा पडल्या यावर लोक पुढे वर्षानुवर्षं बोलत राहिले. त्या काळी चौकशी करणारे, ज्यूरीत बसणारे, वकील, न्यायाधीश, सगळे पुरुष होते. ज्यांच्या मरणाबद्दल सगळे बोलत होते त्या मात्र दोन बाया होत्या. कॉरोनरचं हे पद मुंबईत १९९९ सालापर्यंत होतं. मग ते बंद झालं आणि बाकी महाराष्ट्रासारखीच पोलिसांच्या पंचनाम्याची पद्धत तिथेही आली.

आता एक दुःखाची गोष्ट सांगायची आहे. मन घट्ट करा.

१८९० साली कलकत्त्यात फुलमोनी नावाची मुलगी मेली. वय अकराच्या आसपास. नवऱ्याचं वय पस्तिशीच्या घरात. लग्न झालं होतं म्हणून नवऱ्याने तिच्यावर जबरदस्ती केली आणि ती रक्तस्रावाने गेली. खटला उभा राहिला तेव्हा दोन गोष्टी बोलल्या. एक, तिच्या माहेरच्या बायांची साक्ष. दुसरी, डॉक्टरांनी केलेली प्रेताची तपासणी. आत काय फाटलं, रक्त कुठून गेलं, हे डॉक्टरांनी सांगितलं. पण तेव्हाच्या कायद्यात संमतीचं वय दहा वर्षं होतं आणि फुलमोनी दहाच्या वर होती. म्हणून बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही. गंभीर दुखापतीबद्दल नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली, बस्स.

पण ती तपासणी वाया गेली नाही. त्या वेळी हिंदुस्थानात मोजक्या बाया डॉक्टर होत्या. त्यातल्या अनेकींनी आपापल्या दवाखान्यात आलेल्या अशा मुलींच्या हकीकती सरकारपुढे मांडल्या. कोण लंगडी झाली, कोण आयुष्यभराची आजारी झाली, कोण मेली. पुरुष डॉक्टरला घरचे आत येऊ देत नव्हते, म्हणून हे सगळं बायांनाच दिसत होतं. आमच्या मते आपल्या देशात बायांनी मरणाच्या चौकशीत टाकलेलं हे पहिलं मोठं पाऊल. वर्दी नव्हती, अधिकार नव्हता, नुसती पाहिलेल्या गोष्टींची नोंद होती. त्या नोंदींचा आणि फुलमोनीच्या खटल्याचा मिळून परिणाम झाला आणि १८९१ साली संमतीचं वय दहावरून बारा झालं. आज बारा वर्षं ऐकून अंगावर काटा येतो. पण तेव्हा एवढ्यासाठीही पुण्यामुंबईत रण माजलं होतं. मलबारी, रानडे, आगरकर कायद्याच्या बाजूने होते आणि टिळक विरोधात.

आपल्या रखमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. लहानपणी लग्न लावलं होतं, मोठी झाल्यावर त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. वर्तमानपत्रात "एक हिंदू स्त्री" या नावाने त्यांनी बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली होती. फुलमोनी गेली त्या काळात रखमाबाई लंडनला डॉक्टरकी शिकत होत्या. परत येऊन त्यांनी सुरतेला आणि राजकोटला बायांच्या दवाखान्यात आयुष्य घातलं. बाईचं दुखणं बाईने बघितलं तर ते लिहिलं जातं, हे त्यांना आधीच कळलं होतं.

डॉक्टर प्रेत बघतो. पण विष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दुसरी यंत्रणा लागली. पोटातलं, काळजातलं थोडं बरणीत घालून, सील करून रसायनांच्या तपासणीला पाठवायचं. याला व्हिसेरा म्हणतात. मुंबईत सरकारी रासायनिक विश्लेषकाचं पद १८७० साली निघालं. तेव्हा सोमल आणि धोतरा यांची विषं फार चालत. आजही आपल्या पोलीस ठाण्यात "सीए रिपोर्ट आला का?" असं विचारतात ना, तो सीए म्हणजे हाच केमिकल ॲनालायझर. दीडशे वर्षांपूर्वीचं नाव अजून तोंडात आहे. आता त्याला न्यायसहायक प्रयोगशाळा म्हणतात. मुंबईत कालिन्याला मोठी आहे. नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथेही आहेत. १९७०च्या दशकात मुंबईच्या प्रयोगशाळेत रुक्मणी कृष्णमूर्ती नावाच्या बाई लागल्या. तिथे तेव्हा बायाच नव्हत्या. पुढे त्या राज्यातल्या सगळ्या प्रयोगशाळांच्या संचालक झाल्या. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या तपासात त्यांनी काम केलं.

आणि पोलिसातल्या बाया? त्रावणकोर संस्थानात १९३३ साली बायांना पोलिसात घेतलं, असं सांगतात. १९७२ साली किरण बेदी देशातल्या पहिल्या महिला आयपीएस अधिकारी झाल्या. १९७३ साली केरळात कोळिकोडला फक्त महिलांचं पहिलं पोलीस ठाणं निघालं. पण सालं मोजून पोट भरत नाही. १९७२ सालच्याच मार्च महिन्यात, आपल्या महाराष्ट्रात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्या पोलिसांना सोडून दिलं. तिने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, असं कारण सांगितलं. १९७९ साली चार कायदेपंडितांनी सर्वोच्च न्यायालयाला उघडं पत्र लिहिलं. त्यात लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या दोघी बाया होत्या. त्या पत्राने देश ढवळून निघाला. जखम नाही म्हणजे जबरदस्ती नाही, हे म्हणणाऱ्यांना अंगावरच्या खुणा वाचायलाच कोणी शिकवलं नव्हतं.

त्याच सुमाराला दुसरी आग पेटली, आणि ती खरोखरची आग होती. नव्या नवऱ्या जळून मरत होत्या. शहरांत, तालुक्याच्या गावांत, रॉकेलच्या स्टोव्हने. कागदावर अपघात किंवा आत्महत्या लिहायचे आणि प्रेत लगोलग जाळून टाकायचे. माहेरचे पोचेपर्यंत राख व्हायची. बायांनी विचारलं, "हा स्टोव्ह फक्त सुनांवरच का भडकतो? सासूवर का नाही, नणंदेवर का नाही?" १९७९पासून दिल्लीत मोर्चे निघाले. महाराष्ट्रातही ठिकठिकाणी बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेचं "मुलगी झाली हो" हे ज्योती म्हापसेकर यांचं नाटक आलं. आपल्यातल्या थोरल्या बायांनी ते देवळाच्या पटांगणात, शाळेच्या वऱ्हांड्यात पाहिलं असेल.

आणि १९८३ साली कायदा बदलला. डिसेंबर महिन्यात. कलम ४९८ अ तेव्हाच आलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच दिवशी पंचनाम्याचं कलमही बदललं. ते फारसं कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सावकाश सांगतो.

लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि बाईने आत्महत्या केली असेल, तर प्रेत शवविच्छेदनाला पाठवणं बंधनकारक झालं. सात वर्षांच्या आत मरण आलं आणि घातपाताचा रास्त संशय असेल, तरीही. सात वर्षांच्या आत मरण आलं आणि तिच्या कोणत्याही नातेवाइकाने मागणी केली, तरीही. मैत्रिणींनो, हे तिसरं लक्षात ठेवा. नुसती मागणी पुरे. आई म्हणाली, बहीण म्हणाली, भाऊ म्हणाला की शवविच्छेदन करा, तर ते करावंच लागतं. शिवाय सात वर्षांच्या आतली आत्महत्या किंवा संशयास्पद मरण असेल, तर पोलिसांखेरीज दंडाधिकाऱ्यानेही चौकशी करायची असते. आपल्याकडे बहुधा तहसीलदार ती करतात. या चौकशीची खबर शक्य असेल तेव्हा जवळच्या नातेवाइकांना द्यायची आणि त्यांना तिथे हजर राहू द्यायचं असतं. नातेवाईक म्हणजे आईबाप, मुलं, भाऊ, बहीण आणि नवरा. १९८६ साली हुंडाबळीचा वेगळा गुन्हा आला, किमान शिक्षा सात वर्षं.

१ जुलै २०२४पासून जुने कायदे जाऊन नवे आले. पंचनाम्याचं जुनं कलम १७४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १९४ आहे, दंडाधिकाऱ्याच्या चौकशीचं १७६ आता १९६ आहे. हुंडाबळीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ८० आहे आणि ४९८ अ चं ८५ झालं. आकडे बदलले, सात वर्षांचा नियम तोच आहे. पंचनाम्याचा अहवाल चोवीस तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा, हे नव्या कायद्यात घातलं आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जावं, हेही आहे. ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहे. आणि "आसपासचे दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी" हे शब्द? ते अजून जिथल्या तिथे आहेत.

आता पुण्याचा एक खटला सांगतो. १९८२च्या जूनमध्ये एक नवविवाहिता सासरी विषाने मेली. लग्नाला चारच महिने झाले होते. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती, त्यात तिचं दुःख होतं. खालच्या कोर्टाने नवऱ्याला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. न्यायालयाचं म्हणणं होतं की पुराव्याच्या साखळीत एकही कडी तुटलेली चालत नाही, आणि खून झाला की तिने स्वतःच विष घेतलं हे पक्कं होत नाही. तो निकाल ऐकून तेव्हा अनेकींना राग आला. पण त्या निकालात आपल्या कामाचं दोन ठिकाणी आहे. पहिलं, मेलेल्या बाईने आधी बहिणीला लिहिलेली पत्रं पुरावा म्हणून चालतात, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे तिचा शब्द तिच्याबरोबर मरत नाही. आजच्या काळात पत्राच्या जागी मोबाइलवरचा मेसेज आहे. लेकीचा असा मेसेज आला तर पुसू नका. दुसरं, साखळीच्या कड्या पहिल्या दिवशीच धरायच्या असतात. दहा दिवसांनी हंडा जागेवर नसतो, चपला जागेवर नसतात, घर सारवून झालेलं असतं. निर्दोष माणसालाही हीच साखळी वाचवते, हे विसरू नका. पहिल्याच दिवशी नीट लिहिलं तर दोषी सुटत नाही आणि निर्दोष अडकत नाही.

तसंच मृत्युपूर्व जबाबाचं. भाजलेली बाई दवाखान्यात बोलली तर तिचं म्हणणं लिहून घेतात. डॉक्टरने "शुद्धीवर आहे" असं लिहिलं नसेल तर तो जबाब बाद, असं काही कोर्टं म्हणायची. २००२ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की ती शुद्धीवर होती हे दुसऱ्या रीतीने पटलं तर दाखला नसला तरी चालतं. पण तिच्या जवळ कोण बसलं होतं, तिला कोण काय शिकवत होतं, हे कोर्ट बघतं. म्हणून तिला एकटीला मोकळेपणाने बोलू द्यायचं.

आता आजचं. आपल्या लेकीबाळींनी या कामात का जावं, आणि कसं जावं?

पहिलं पद आपल्या अंगणातलं, पोलीस पाटील. वतनी पाटीलकी १९६०च्या दशकात संपली. १९६७ साली महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला. आता पोलीस पाटलाची नेमणूक प्रांत कार्यालयातून होते. गावचा रहिवासी असावा लागतो, वय २५ ते ४५, दहावी पास, लेखी परीक्षा आणि तोंडी परीक्षा. बायांसाठी जागा राखीव असतात. २०२४ साली मानधन वाढून महिन्याला १५ हजार झालं. १८६७च्या कायद्यातलं ते काम, अचानक मरण झालं की समजदार व्यक्ती जमवायचं, आजही पोलीस पाटलाकडे आहे. जिथे बाई पोलीस पाटील आहे तिथे समजदार कोण हे ठरवायला तिचं तोंड उघडं आहे.

दुसरं पोलीस शिपाई. बारावी पास लागते. मुलींना उंची १५५ सेंटिमीटर. आठशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि गोळाफेक, असं मैदान ५० गुणांचं, मग १०० गुणांचा लेखी पेपर. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरी दिसतात ना, त्या याचसाठी. त्यांना "पोरीसारखी पोर, हे काय धावतेय" म्हणू नका. पदवी घेतली तर एमपीएससी देऊन फौजदार होता येतं. १९९४ साली महाराष्ट्राने महिला धोरण आणलं आणि सरकारी नोकरीत बायांना तीस टक्के जागा मिळायला लागल्या. पोलिसांतही त्यामुळेच बाया दिसायला लागल्या. मीरां बोरवणकर मुंबई गुन्हे शाखेच्या प्रमुख झाल्या. २०२४च्या जानेवारीत रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या.

तिसरं प्रयोगशाळा. विज्ञान शाखेतून बीएस्सी केलेल्या मुलींना न्यायसहायक विज्ञान शिकता येतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी संस्था आहेत. चौथं डॉक्टर. एमबीबीएसनंतर न्यायवैद्यकशास्त्रात पुढचं शिक्षण घेता येतं. ग्रामीण रुग्णालयात तर साधा एमबीबीएस डॉक्टरच शवविच्छेदन करतो. आणि पाचवं, ज्याचं नाव कोणी घेत नाही, शवागारातले मदतनीस. प्रेत उचलणं, धुणं, शिवणं त्यांच्या हातून होतं. समाज त्यांना दूर ठेवतो. पण त्यांच्या हाताशिवाय एकाही बाईच्या मरणाचं कारण कागदावर आलं नसतं. त्यांच्याशी बोलताना मान राखून बोला.

काही जणी म्हणतील, "मेलेल्याचं काम, अंगावर कसं घ्यायचं?" आम्ही काकूंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "बाळंतिणीला आपण धरतो, मढ्याला आंघोळ आपण घालतो. नुसतं बघून लिहायला भ्यायचं कशाला?" खरंच आहे. मेलेल्या बाईला शेवटचं न्हाऊ बायाच घालतात. तिच्या अंगावरचे वळ, जुने डाग, मोडलेल्या बांगड्या हे आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो. पाहिलं आणि लुगड्याखाली झाकलं. आता ते पंचनाम्याच्या वेळी बोलायचं आहे, आंघोळीच्या वेळी उशीर झालेला असतो.

पंच म्हणून बोलावलं तर काय करायचं, ते थोडक्यात. दिसेल तेवढंच सांगा, ऐकीव सांगू नका. कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर लेकीकडून मोठ्याने वाचून घ्या आणि मगच सही करा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच नाही. मरण कशाने आलं असावं एवढंच पंचनाम्याचं काम, कोणी मारलं ते ठरवणं आपलं काम नाही. कुणावर राग असेल तर तो घरी ठेवून जा. आणि एक, पंचनामा होईपर्यंत जागा सारवू नका, भांडी उचलू नका, कपडे धुऊ नका. घाईने प्रेत हलवणाऱ्याला नम्रपणे थांबवा आणि ११२ला फोन करा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक गोष्ट करावी असं आम्हाला वाटतं. गावातल्या चार-पाच बायांची नावं ठरवा, ज्या वेळप्रसंगी पंच व्हायला तयार आहेत. ती यादी पोलीस पाटलांकडे आणि बीटच्या पोलिसाकडे देऊन ठेवा. त्यांनी बोलावलंच पाहिजे असा नियम नाही. पण नावं समोर असली तर "बाई मिळाली नाही" असं कोणाला म्हणता येणार नाही.

प्रतिष्ठित रहिवासी म्हणजे कोण, हा प्रश्न १८६७पासून गावाने आपल्याला विचारलाच नाही. आता आपणच उत्तर देऊ. ज्या बाईला हंडा कुठे असायला हवा हे माहीत आहे, ती.

पुढच्या आठवड्यात भेटू, तेव्हा शेततळ्याचं बोलू. राम राम.